पाचपैकी पाच

“अरे गाढवा, आधी बाहेर ये! भिंत मग मोज! बाहेर ये आधी!”

भर दुपारी हातात लाटणं घेऊन तलासरीच्या रस्त्यावर उभी राहून माझी बायको ओरडत होती. त्या हिवाळ्यापासून आमच्याकडे जमिनीला हुडहुडी भरली होती. आज सकाळी धक्का, परवा दुपारी धक्का. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात टांगलेल्या साठ बादल्या एकमेकींवर आपटून असा गजर करत, की समोरचा चहावाला आरती सुरू झाली समजून हात जोडायचा. त्या दिवशीचा धक्का तर असा होता, की गुडघे धरून बसलेली माझी आई माझ्या आधी रस्त्यावर पोचली होती, आणि मी काही रेंगाळलो नव्हतो. अख्खी गल्ली बाहेर आणि आत एकटा माझा मेहुणा. स्वयंपाकघराच्या भिंतीला पडलेल्या भेगेत स्टीलची पट्टी घालून तो उकिडवा बसला होता. आतूनच ओरडला, “भावोजी, अडीच मिलिमीटर! गेल्या धक्क्याला दोनच होती!” मुलगा झाल्याची बातमीसुद्धा माणूस इतक्या आनंदाने सांगत नाही. मग त्याने भेगेशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली, खाली माप लिहिलं, आणि मगच साहेब बाहेर आले.

घरावर त्याच्याइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात झाला नाही, आणि घरातल्या माणसांना त्याच्याइतका घाम फोडणाराही झाला नाही. इंजिनिअर झाला तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले. त्या पेढ्यांची चव जिभेवर असतानाच त्याने जाहीर केलं, की आता मुंबईला जाऊन आणखी दोन वर्षं गृहनिर्माण शिकणार. सासऱ्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. “गवंड्याला एक दिवस शाळा लागत नाही, आणि तुला सोळा वर्षं पुरली नाहीत?” मेहुणा शांतपणे म्हणाला, “बाबा, मी घर बांधायला नाही, लोक घरात राहतात कसे ते शिकायला चाललोय.” सासरे म्हणाले, “मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो रे?” मेहुण्याने मापटेप काढून सासऱ्यांच्या खाटेपासून खिडकीचं अंतर मोजलं.

तो मापटेप म्हणजे त्याचं अकरावं बोट. डहाणूला मुलगी पाहायला गेलो, तर याने पोहे खाता खाता जिना मोजला. मुलीच्या वडिलांना म्हणाला, “पायरी नऊ इंच उंच आहे, म्हातारपणी इथूनच पडाल.” पोहे आम्ही अर्धेच खाल्ले. माझ्या दुकानात बसला, की गिऱ्हाईकाला पत्रा दाखवायच्या ऐवजी विचारायचा, “याच्याखाली मे महिन्यात दुपारी बसून पाहिलंय का?” गिऱ्हाईक विचारात पडायचं आणि विचार करत करत निघून जायचं. माझ्या धंद्यावर इतकं बारीक लक्ष माझ्या शत्रूनेही ठेवलं नसेल.

शेवटच्या वर्षी त्याला एखाद्या वस्तीत प्रत्यक्ष फिरून अहवाल लिहायचा होता. त्याने उधवा गावाच्या पुढचा एक पाडा निवडला. तिथे सरकारी योजनेतून नवी घरकुलं झाली होती, विटांच्या भिंती, वर स्लॅब. लोक त्या घरांत सुखी आहेत का, ते शोधायचं. अहवाल चांगला झाला तर पदवी, आणि पदवी हातात पडताच मुंबईच्या एका संस्थेत नोकरी ठेवलेली. ती संस्था पुढच्या पाड्यांत याच नकाशाची घरं बांधणार होती, ती याच्याच अहवालावर. महिनाभर माझी स्कूटर त्याच्याकडे होती. एकदा मीही मागे बसून गेलो. एप्रिलचं ऊन असं, की रस्त्यावरचा सरडा एका वेळी दोनच पाय टेकवत होता.

पहिलंच घर लाडकीबाईचं. ती पाड्यातली जाणती बाई. तिने हो म्हटलं की पाडा हो म्हणे. मेहुण्याने हात जोडले. “बाय, माझी परीक्षा आहे. चाळीस प्रश्न आहेत. प्रत्येकाला एक ते पाचमधला आकडा द्यायचा. एकदम वाईट तर एक, एकदम चांगलं तर पाच.” लाडकीबाईने मान डोलावली आणि आम्हाला घरकुलात बसवलं.

“घरात हवा खेळते?”

“पाच.”

“उन्हाळ्यात गार वाटतं?”

“पाच,” ती म्हणाली. माझ्या टाळूवर तेव्हा पापड भाजून निघाला असता.

“स्वयंपाकाची सोय?”

“पाच.” खोलीत चूल कुठेच दिसत नव्हती.

“भिंती मजबूत वाटतात?”

“पाच लिव. इचारतो कशाला?”

तेवढ्यात घरामागून कुणीतरी बें केलं. घरात वासही तसाच होता. मेहुण्याने वहीत टिपलं, “पशुधन जवळ, सोयीचे.” पाड्यातल्या सगळ्या घरांनी सगळ्या प्रश्नांना पाच दिले. परतताना स्कूटरवर तो दोन्ही हात सोडून ओरडत होता, आणि स्कूटर तोच चालवत होता. मुंबईच्या त्याच्या सरांनी म्हणे असा निकाल उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तर त्या धक्क्याच्या दिवशी, लाटण्याचा प्रसाद चुकवून रस्त्यावर आलेला मेहुणा एकाएकी पांढरा पडला. “भावोजी, लाडकीबाई!” एवढंच म्हणाला. पुढच्या मिनिटाला आम्ही उधव्याच्या रस्त्याला होतो. पाड्यात पोचून पाहतो तर घरकुलाच्या दारापासून स्लॅबपर्यंत भेग गेलेली, सशाच्या जोडीने आत संसार थाटावा एवढी. मेहुणा बेंबीच्या देठापासून ओरडला, “लाडकीबाय!” आतून एक बकरी आली. तिच्यामागे दुसरी. एकामागून एक अकरा बकऱ्या बाहेर आल्या आणि आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

लाडकीबाई आली ती मागच्या जुन्या घरातून. कारवीच्या काटक्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप, असलं घर. ते धक्क्याने झुललं होतं आणि पुन्हा आपल्या जागी उभं राहिलं होतं. थोडी माती झडली होती, तेवढीच. तिच्या हाताला नाचणीचं पीठ होतं.

“तुम्ही इकडे राहता?” मेहुण्याने विचारलं.

“मग कुठं राहू?”

“आणि ते घर?”

“ते बकऱ्यांचा हाय. तू येणार म्हणून त्या दिशी त्यांना हाकललं, धुवून काढलं. वास आला काय रे?”

“मग पाच का दिलेत, बाय? सगळ्यांनी? सगळ्याला?”

आता लाडकीबाईच आमच्याकडे बघत राहिली. “अरं पोऱ्या, परीक्षा तुझी होती ना? तूच बोललास. आमी सगळी बसलो, बोललो, पोर लांबून येतो, उनात फिरतो. त्याला नापास कशाला करायचा?”

मेहुणा खाली मातीत बसला. बकऱ्यांनी त्याचा मापटेप चघळायला घेतला, तरी तो हलला नाही.

अहवाल तयार होता. काळ्या कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा, माझ्या दुकानात कुलपांच्या कपाटात ठेवलेला. सोमवारी द्यायचा होता. घरी आल्यावर मी म्हणालो, “देऊन टाक. तिकडे मुंबईत कुणाला बकऱ्या दिसणार आहेत?” तो म्हणाला, “भावोजी, पुढच्या पाड्यात याच नकाशाची घरं उभी राहतील. तिथे बकऱ्या नसल्या आणि माणसं आत राहिली तर?” सोमवार गेला. नोकरी गेली. सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. हा पठ्ठ्या मात्र प्रश्नांचा कागद घरी ठेवून पुन्हा पाड्यात गेला. लाडकीबाईच्या कुडाला टेकून दिवसच्या दिवस बसला. चूल कुठे, धूर कुठून जातो, भात कुठे साठवतात, हे बघत राहिला. आकडा एकदाही मागितला नाही. नवा अहवाल सहा महिने उशिरा गेला. उशिराचे गुण कापले गेले. आधीचा निकाल आणि आताचा निकाल जुळत नाही, याचेही कापले गेले.

आता तो लांब कुठल्याशा जिल्ह्यात लोकांच्या भिंती मोजतो. पगार साधाच आहे. आमच्याकडे धक्के हल्ली कमी झाले. दिवाळीला घराला रंग दिला, तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातल्या त्या भेगेपाशी रंगाऱ्याला ब्रश लावू दिला नाही. तिथल्या पेन्सिलीच्या तारखा आणि मापं तशीच आहेत. भाकरी भाजताना ती मधूनच तिकडे बघते. तिला तसं बघताना मी पाहिलं, की मला काहीतरी आणायला पिटाळते.

परवा लाडकीबाई दुकानात आली. कुडाच्या दाराला कडी हवी होती. मी म्हणालो, “बाय, तुमचा पोऱ्या पास झाला बरं का. पण दुसऱ्या वर्गात. मार्क कापले त्याचे.”

तिने कडी दोनदा उघडझाप करून पाहिली, पिशवीत टाकली, आणि म्हणाली, “आमी तर पाच दिलेले.”