मागच्या टाकीजवळची पेटी

मारुंजीच्या आरोग्य उपकेंद्रात मी दर महिन्याला रक्तदाब तपासायला जातो. तिथल्या मदतनीस बाई बोलताना मान वर करत नाहीत, हातातलं फडकं फिरतच असतं. ‘एड्स टाळा’ लिहिलेली फुकट कंडोमची पेटी दर्शनी भागात लावायचा वरून आदेश आहे. बाईंनी ती मागे, पाण्याच्या टाकीजवळ टांगलीय.

परवा तपासणीला साहेब येणार म्हणून पेटी दारात आली. “भरलेली आहे, छान,” साहेब म्हणाले. त्यांची गाडी वळताच बाईंनी ती परत मागे नेली. मला हसू आलं.

“हसताय काय? दारात बाया बसल्याल्या, कोन हात घालंल? मागं बांधकामाच्या साइटवरची मानसं पानी भराया येत्यात, गपचूप नेत्यात. सायेब भरल्याली पेटी बघून खुश, मी रिकामी बघून.”