आधी पंखा चालवा

दोरी अकरा वेळा ओढली. जनरेटर साधा खोकलासुद्धा नाही.

पालघरजवळच्या माहीमच्या हेमावहिनींची पडवी. मागच्या खोलीत अंडी उबवायचं कपाटाएवढं लाकडी मशीन आणि त्यात सहाशे अंडी. एकोणिसावा दिवस होता. कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं, म्हणजे आत पिल्लं जवळजवळ तयार. सकाळी साडेनऊला लाईट गेली. रस्त्यावर नारळाचं झाड तारा घेऊन आडवं झालं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत तरी लाईट येण्याची आशा नव्हती. बोईसरला माझ्या शेजारच्या दुकानात फोन आला, तशी मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते.

मशीनला खिडकीएवढी काच होती. काचेतून आतलं थर्मामीटर दिसायचं. अंड्यांना साधारण शंभर डिग्री फॅरनहाइट लागतं. काटा सत्त्याण्णवावर होता आणि उतरत होता.

मी म्हणालो, "वहिनी, दार घट्ट लावा. वरून गोधडी टाका. असेल नसेल ती ऊब आतच राहू दे."

त्यांनी घरातली जाड गोधडी आणून मशीनवर टाकली. मी पुन्हा दोरी धरली.

हे मशीन म्हणजे त्या बाईचं सगळं होतं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. त्याआधी आणि नंतर त्या तारापूरला एका कंपनीत पॅकिंगला उभ्या राहायच्या. नोकरी सोडून हे मशीन बांधून घेतलं. पाड्यांवरच्या बायका पिल्लं घेऊन जायच्या. पण याच्या आधीची एक खेप लाईट गेल्यामुळे पुरती वाया गेली होती. खोली थोरल्या दिरांची, अण्णांची. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आणखी एक खेप गेली तर खोली रिकामी कर. तू आपली कंपनीत जा." अण्णा वाईट माणूस नव्हता. कुजलेल्या सहाशे अंड्यांचा वास ज्या घरात आठ दिवस बसतो, त्या घरातला माणूस असंच बोलणार.

ती खेप गेल्यावरच वहिनी माझ्या दुकानात आल्या होत्या. मी चौथी शिकलेला माणूस. जनरेटर आणि मोटारी दुरुस्त करायचो. एमआयडीसीतले इंजिनियर हात टेकायचे, ती इंजिनं मी चालू करून दिलेली आहेत. वहिनींनी विचारलं होतं, "नारायणभाऊ, ट्रकची बॅटरी बसवली तर नाय चालायची?"

"चालेल की. तासभर."

हिशेब सोपा होता. मशीनमध्ये उबेसाठी कॉइल असते, विजेच्या शेगडीत असते तशी. ती साडेसातशे वॅट खायची. बॅटरी म्हणजे पाण्याची घागर, जेवढी भरली तेवढीच. कॉइलसारखं खादाड काम लावलं की तासात घागर रिकामी. शिवाय बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करायला इन्व्हर्टर लागतो, तो वेगळाच. जनरेटर म्हणजे विहीर. तेल टाकत राहा, दिवसभर चालेल.

वहिनी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पण पंखा तर चालेल ना बॅटरीवर?" मशीनमध्ये हवा फिरवायला एक पंखा होता. खायचा जेमतेम चाळीस वॅट.

मी हसलो. "नुसता पंखा चालवून अंड्यांना काय झोपवायचं हाय?"

मी त्यांना जनरेटर दिला.

आणि तोच आता चालू होत नव्हता. कार्बोरेटरखालची वाटी सोडली, तेल बोटावर घेतलं, हुंगलं. रॉकेल.

"अण्णा, मागल्या वेळी हा बंद कोणी केला?"

अण्णा दारात उभे होते. "मीच केला. लाईट आली, खटका खाली पाडला."

"कॉक पेट्रोलवर घेतला होता?"

"तो कशाला घ्यायचा? बंदच तर करायचा होता ना!"

हा जनरेटर पेट्रोलवर सुरू व्हायचा, तापला की रॉकेलवर चालायचा. बंद करण्याआधी दोन मिनिटं पुन्हा पेट्रोलवर चालवायचा, म्हणजे वाटीत पेट्रोल उरतं. तसं केलं नाही तर वाटीत रॉकेल राहतं, आणि गार इंजिन रॉकेलवर पेटत नाही. हे मी वहिनींना तीन वेळा समजावलं होतं. अण्णांना एकदाही नाही. बंद केला अण्णांनी.

वाटी रिकामी केली, पेट्रोल भरलं, दोरी ओढली. नाही. प्लग काढला, तो काळा आणि ओला. पुसला, खरवडला. ठिणगी कधी येते, कधी नाही. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने प्लगच्या वायरचं टोक हिरवं पडलं होतं. ते कापलं, नवीन काढलं. घाम डोळ्यात उतरत होता.

वहिनी मशीनचं दार किलकिलं करून परत आल्या. हातात वरच्या ट्रेमधलं एक अंडं होतं.

"नारायणभाऊ, अंडी तापताहेत."

"गार पडताहेत म्हणा."

"तापताहेत. हे बघा." त्यांनी डोळा मिटून अंडं पापणीला लावलं. अंड्याची ऊब तपासायची ही बायकांची पद्धत. पापणी सोसेल एवढं अंडं बरोबर, चटका बसला तर जास्त. त्यांनी चटकन अंडं बाजूला केलं. "भाजतंय."

"लाईट गेल्यावर शेगडी तापते का कधी?" मी म्हणालो. "थर्मामीटर सत्त्याण्णव दाखवतं. ते काय खोटं बोलतं?"

"ते खाली टांगलंय. पिल्लं वर हायत."

"वहिनी, मला माझं काम करू द्या."

अण्णा मधेच म्हणाले, "मिस्त्रीला करू दे गं. तुला काय कळतं यातलं?"

मी पुन्हा प्लगकडे वळलो. तिथे माझी आणखी वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं मला आजही टोचतात.

वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. आत गेल्या, थर्मामीटरची दोरी सोडली, ते सगळ्यात वरच्या ट्रेवर ठेवलं आणि दार लावलं. पंधरा मिनिटांनी थर्मामीटर माझ्या नाकासमोर आणून धरलं.

"वाचा."

एकशे चार. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकशे चारच.

"हे कसं झालं?"

"अहो, ती आता अंडी नाय राहिली. जीव हायत ते आत. सहाशे जीव. कोंबडीसुद्धा शेवटच्या दिवसांत मधूनमधून उठते अंड्यांवरनं, उगाच उठते? पयल्या आठवड्यात ऊब द्यावी लागते. आता ते स्वतःच ऊब टाकतात. पंखा ती बाहेर ढकलतो. पंखा बंद, आणि वर तुमी गोधडी घालायला लावलीत."

गोधडीत गुंडाळलेली तीस-चाळीस माणसं एका खोलीत कोंडावीत, तसं मी करून ठेवलं होतं. गार हवा खाली बसली होती, थर्मामीटर तिथे. गरम हवा वर, पिल्लं तिथे. एकशे तीनच्या पुढे गेलं की पिल्लू आतल्या आत शिजायला लागतं.

गोधडी ओढून फेकली. दार उघडलं. पण नुसतं दार उघडून भागत नव्हतं. दाराजवळची अंडी गार पडणार, मागची तशीच तापत राहणार. हवा फिरायलाच हवी होती. मशीनचा पंखा घरच्या विजेवर चालणारा, तो इन्व्हर्टरशिवाय बॅटरीवर कसा फिरणार?

"वाडीत टेम्पो कोणाचा आहे?" मी विचारलं.

"भालूचा. पलीकडच्या घरात. विड्याची पानं भरून जातो पालघरला."

टेम्पोच्या केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर छोटा पंखा असतो. तो थेट बॅटरीवर चालतो, इन्व्हर्टर लागत नाही. मी पळत गेलो. भालू खाटेवर पडला होता.

"तुझी बॅटरी काढतोय. पंखा पण."

"अरे! आणि मी गाडी काय ढकलत नेऊ?"

"आज गाडी नाय जायची. रस्त्यात झाड पडलंय."

"ते मला ठाऊक हाय, मिस्त्री. निदान चहा तरी पी." तोंडाने कुरकुरत असतानाच त्याने बॅटरीचं एक टोक स्वतः सोडलं.

बॅटरी दोघांनी उचलून आणली. पंखा मशीनच्या मधल्या फळीला सुतळीने बांधला. वायरी लावल्या तर घाईत प्लस-मायनस उलट, पंखा हवा मागे खेचायला लागला. टोकं बदलली. आता झुळूक लागली. वहिनींनी फडकी ओली करून ट्रेच्या बाजूला टांगली, कोरड्या हवेत कवचाखालचा पापुद्रा चिवट होतो म्हणून. दार चार बोटं उघडं ठेवलं.

आम्ही सगळे थर्मामीटरकडे बघत बसलो. अण्णाही आत आले होते. एकशे चार. बराच वेळ एकशे चार. मग एकशे तीन. एकशे एकवर आलं तेव्हा वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या.

जनरेटर साडेबाराला सुरू झाला. मस्त चालला. पण आता त्याची गरज नव्हती, म्हणून मी तो बंद केला, कॉक पेट्रोलवर घेऊन, आणि अण्णांना शेजारी उभं करून. टेम्पोचा तो एवढासा पंखा चार वाजेपर्यंत फिरत राहिला, मग लाईट आली.

एकविसाव्या दिवशी मी कोणी बोलावलं नसताना गेलो. खोलीत नुसता चिवचिवाट. खालच्या आणि मधल्या ट्रेमधली बहुतेक सगळी पिल्लं बाहेर आली होती. वरच्या दोन ट्रेमधली अर्ध्याहून जास्त अंडी तशीच. वहिनींनी त्यातलं एक फोडून मला दाखवलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू, चोच कवचाला टेकलेली.

अण्णा म्हणाले, "राहू दे मशीन. पण आता बॅटरी पण बसव बाबा."

बसवली. पहिल्या अठरा दिवसांसाठी जनरेटर, शेवटच्या तीन दिवसांसाठी बॅटरी आणि गाडीचा पंखा. जनरेटर देणं चूक होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. चूक ही, की किती वॅट लागतात ते विचारलं, आणि कशासाठी लागतात ते विचारलं नाही. ज्या बाईला ते माहीत होतं, तिला मी हसलो.

त्यानंतर घरी बॅटरी घेऊ की जनरेटर, असं विचारत कोणी आलं की मी किंमत नंतर सांगायचो. आधी विचारायचो, लाईट गेल्यावर तुमच्या घरात काय मरतं? बहुतेक जण विचार करून म्हणायचे, टीव्ही.

त्यांना मी कंदील घ्यायला सांगायचो.