अक्षर तर तेच हाय

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार. रक्कम रुपये अकरा हजार फक्त. रेणापूरच्या भगवानरावांचा मुलगा हरिओम याने लातूरच्या एका शोरूममध्ये ही रक्कम भरली आणि पावती खिशात घालून तो सरळ वीरभद्र बिराजदाराच्या दुकानात आला. गाडी अजून बाजारात यायची होती. आकाराने लहान, पाच दारांची, पण पोटात मोठ्या गाडीचं इंजिन. मागे दोन धुराडी, बाजूने लाल पट्टा आणि डिकीवर एकच अक्षर, टी. हरिओमने मोबाइलवर तिचे फोटो दाखवले. वीरभद्राने चष्मा वर करून ते पाहिले आणि म्हणाला, "ही खरी. बाकीच्या नुसत्या नावाच्या."

वीरभद्र मूळ निलंग्याचा. लातुरात बावीस वर्षं त्याचं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेटा, देवांची नावं, काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद, आणि गाडीच्या पाठीवरची चकचकीत अक्षरं. ती अक्षरं वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्या अक्षराचा अर्थ डिझेल, कुठल्याचा साधं मॉडेल, कुठल्याचा भारी, शेवटच्या अक्षराने काय वाढतं, हे तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे बघून सांगायचा. हरिओम ही विद्या त्याच्याकडेच शिकला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघे चहा घेत सिग्नलवरच्या गाड्या वाचत बसायचे.

या धंद्यात 'अक्षर चढवणं' म्हणून एक काम असतं. माणूस ऐपतीप्रमाणे खालचं मॉडेल घेतो, पण सोयऱ्याधायऱ्यांपुढे न्यायची म्हणून घरी जाण्याआधी वरच्या मॉडेलचं अक्षर लावून घेतो. सोयरीक जमवताना लोक गाडीचं तोंड नंतर बघतात, पाठ आधी. वीरभद्राला यात कधी वावगं वाटलं नाही. तो गमतीने म्हणायचा, सरकारी बढतीला वीस वर्षं लागतात, आपण दहा मिनिटांत देतो.

नव्या गाडीची तारीख दिवाळीवरून गुढीपाडव्यावर गेली. दरम्यान हरिओमची बदली नांदेडला झाली. दर सोमवारी जायचं, शनिवारी परतायचं. नवी येईपर्यंत हात बसावा म्हणून त्याने नांदेडच्या साहेबराव नावाच्या एजंटाकडून एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि जानेवारीत ती दुकानासमोर आणून उभी केली.

"काका, वाचा."

वीरभद्र मागे गेला. डिकीवर टी होता, केसभर डावीकडे कललेला. हे अक्षर दोन महिन्यांपूर्वी त्यानेच चिकटवलं होतं. साहेबराव घाई करत होता, म्हणून दोरी न लावता अंदाजाने दाबलं होतं. ही गाडी दोन इंजिनांत मिळायची, एक साधं आणि एक टर्बो, म्हणजे जास्त ओढीचं. आरसी बुकात दोन्हींची सीसी एकच. वरून फरक तेवढ्या अक्षराचा. टी असला की जुन्या गाडीला चाळीस हजार जास्त येतात, हे साहेबरावाने हसत सांगितलं होतं.

"टर्बोच हाय ना, काका?" हरिओमने विचारलं. तो आजवर मोटारसायकलीवर फिरलेला. त्याला कुठलीही गाडी पळतीच वाटणार.

साहेबराव महिन्याला दहा-बारा गाड्यांचं काम देत होता. आणि पोराच्या तोंडावरचा आनंद मोडवत नव्हता. वीरभद्र म्हणाला, "हाव. अक्षर तर तेच हाय."

२६ फेब्रुवारीला सोमवारी सकाळी नांदेडच्या रस्त्यावर हरिओम उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला ओलांडत असताना समोरून टेम्पो आला. हरिओम जागीच गेला. शेजारी बसलेला मावसभाऊ सुदर्शन पाय मोडून वाचला. दोन महिन्यांनी तो कुबड्या घेऊन दुकानात आला आणि झालेलं सांगत बसला. टेम्पो लांबून दिसत होता. सुदर्शन थांब म्हणाला होता. हरिओम म्हणाला, काही न्हाई, टर्बो हाय, निघती. त्याने पाय पूर्ण दाबला. गाडी निघाली नाही.

हे सांगून झाल्यावर सुदर्शनने आणखी एक गोष्ट सांगितली. पुढचा भाग चेंदामेंदा झाला, पण मागच्या बाजूला ओरखडाही नव्हता.

वीरभद्राच्या मानगुटीवर बसलं ते हेच. भंगारात गेलेली धड डिकी कुणी वितळवत नाही. ती दुसऱ्या कुठल्यातरी पांढऱ्या गाडीला बसते. म्हणजे ते अक्षर अजून रस्त्यावर फिरत होतं, आणि त्या गाडीत बसून कुणीतरी त्यावर भरवसा ठेवत होतं. पांढरी गाडी दिसली की तो मान फिरवायचा, पण डोळे तिच्या पाठीवरच जायचे. भर बाजारात भाजीची पिशवी तशीच सोडून तो एका गाडीमागे धावला. एकदा दुपारी दुकान उघडं टाकून स्कूटरवरून रेणापूर फाट्यापर्यंत पाठलाग केला. गाडी रसवंतीसमोर थांबली. त्याने जवळ जाऊन पाहिलं. टी सरळ होता. गाडीवाल्या बाईने काय पाहिजे म्हणून विचारलं, तेव्हा तो स्कूटर वळवून निघाला. परतताना मात्र त्याला वाटू लागलं की टी तिरपाच होता, आपणच नीट पाहिलं नाही.

बायको सिंधु त्याला वैद्याकडे, मग नवसाला घेऊन गेली. अक्षर चढवण्याची कामं त्याने बंद केली होती. साहेबरावाचा फोन तो उचलत नव्हता. दुकानातल्या कटिंग मशीनवर टी निघाला की तो गरम लागतो, असं तो सिंधुला एकदा बोलून गेला. तिने हात लावून पाहिला. गारच होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये ती नवी गाडी अखेर आली. हरिओमची बहीण तनुजा हिमायतनगरला तलाठी आहे. तिने भावाचं बुकिंग मोडलं नव्हतं, आपल्या नावावर करून घेतलं होतं. भगवानराव म्हणाले होते, त्यानं भरलंय, तर येऊ दे दारात. शोरूममधून निघून ती थेट वीरभद्राच्या दुकानाशी आली. हार अजून बॉनेटवर होता.

"काका, भाऊ म्हणायचा, काकानं वाचल्याशिवाय गाडी घरी न्यायची न्हाई. वाचा."

वीरभद्र उठला. लाल पट्टा, दोन धुराडी, टी. कंपनीने लावलेला, सरळ, खरा. एवढ्यावर तो गप्प बसला असता तर त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. सुदर्शनला ठाऊक नव्हतं, भगवानरावांना ठाऊक नव्हतं. त्याने डिकीवर हात ठेवला आणि तो काढून घेतला.

"ही खरी हाय, बाई. ती खरी नव्हती."

मग त्याने सगळं सांगितलं. साहेबराव, चाळीस हजार, अंदाजाने दाबलेलं अक्षर, आणि हरिओमला दिलेलं उत्तर, शब्दाला शब्द.

तनुजा गाडीच्या मागे येऊन उभी राहिली. मग तिने विचारलं, "त्यानं तुम्हाला इचारलं होतं?"

"इचारलं होतं."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हाव."

ती रडली नाही. म्हणाली, "हिच्यावरची समदी अक्षरं काढा. कंपनीची बी."

वीरभद्राने ड्रायर लावला. गोंद मऊ झाल्यावर नायलॉनचा दोरा अक्षराच्या मागून करवतीसारखा ओढला. टी सुटून त्याच्या तळहातावर आला. त्याने उरलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसला. पाठ कोरी झाली. लाल पट्टा आणि धुराडी होती, पण आता ती कोणती गाडी आहे हे त्यालाही वाचता येत नव्हतं. काढलेली अक्षरं त्याने कागदात बांधून तिच्याकडे दिली. तिने ती घेतली नाहीत.

"किती झाले?"

"पैसे नको, बाई."

"फुकट न्हाई घेणार," ती म्हणाली. "फुकट घेतलं तर मी माफ केलं असं होईल."

या कामाचे एकशे वीस होतात, असं तो म्हणाला. तिने दोनशेची नोट काउंटरवर ठेवली. गल्ल्यात सुट्टे नव्हते. तो शेजारच्या दुकानातून आणायला गेला. परत आला तोवर गाडी सिग्नल ओलांडून रेणापूरच्या रस्त्याला लागली होती.

तनुजाचे ऐंशी रुपये अजून वीरभद्राकडे बाकी आहेत.