चावी काढल्यानंतर

माझ्या टर्बो सेडानला मी हौसेने एक टायमर बसवून घेतलाय. चावी काढून, दार लावून निघालो तरी इंजिन थोडा वेळ चालूच राहतं आणि तापलेल्या टर्बोला हळूहळू निवू देतं. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, गाडीत कोण बसलंय?"

"कोणी नाही, काकू."

मी वळून पाहिलं. रिकामी गाडी संथपणे गुरगुरत होती. बाबा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांचा तळवा माझ्या हातात अजून उबदार होता. माणूस नेमका कधी निघून जातो, कोणाला कळतं?

इंजिन बंद झालं. काकू अजून काचेकडेच बघत होत्या.

"उतरले बघ आता," त्या म्हणाल्या आणि वाट द्यायला बाजूला सरकल्या.