एक ते चार

माझ्या दाराबाहेरच्या पाटीचे लोक फोटो काढायचे. पाटी मी स्वतः रंगवून घेतली होती आणि मजकूरही माझाच होता: "दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. आग लागल्यास अग्निशमन दलास कळवावे, आम्हांस नव्हे." नारायण पेठेत अशा पाट्यांना तोटा नाही, पण माझी त्यांतली वरच्या दर्जाची, असं मला वाटायचं. कुरिअरवाले जिन्यात हसत आणि मी आत पडल्या पडल्या ते ऐकून खूश होत असे. आज त्या खुशीची मला किळस येते.

एकतीस वर्षं मी कॉलेजात आधुनिक जगाचा इतिहास शिकवला. दोन महायुद्धं, शांतता परिषदा, वसाहतींचं स्वातंत्र्य. कारणांचे सहा मुद्दे, परिणामांचे आठ; तेवढे लिहिले की पोरं पास. एखादा चुणचुणीत विद्यार्थी उठून विचारायचा, "मॅडम, पण हे असं झालं नसतं तर?" त्याला मी एका वाक्यात खाली बसवत असे. "इतिहासात जर-तरला जागा नसते." वाक्य शिळंच आहे, पण मी ते स्वतःचं असल्यासारखं टाकायचे.

निवृत्त झाल्यावर गच्चीवरची खोली मी एका मुलीला दिली. ती सुदानहून फार्मसी शिकायला आली होती. इमारतीत नाकं मुरडली गेली. "अहो, आपण तिच्याशी बोलणार कोणत्या भाषेत?" असं खालच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "तुमच्याशी मराठीत बोलते, त्याचा काय उपयोग होतो?"

मुलगी गुणी निघाली. मला काकू म्हणायची. मंडईतून आणलेल्या ज्वारीची भाकरी पहिल्यांदा वाढली, तेव्हा तिनं तुकडा हुंगला आणि म्हणाली, "हे आमचं धान्य आहे." मी तिला दुकानांच्या पाट्यांवरून देवनागरी वाचायला शिकवलं. माझ्या दारावरची पाटी तिनं सबंध वाचली आणि अर्थ कळल्यावर ओढणीत तोंड खुपसून हसली. पण पुढे एकदा दुपारी दोन वाजता गच्चीवरची टाकी वाहते आहे हे सांगायला तिनं बेल वाजवली. वामकुक्षी मोडलेली मी दार उघडून तिला एवढंच म्हणाले, "पाटी वाचता येते ना तुला?" ती "सॉरी काकू" म्हणून वर गेली. त्यानंतर तिनं माझी बेल दुपारी कधीच वाजवली नाही.

ती दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या देशात युद्ध पेटलं. परक्याशी नव्हे, देशातल्याच दोन फौजांचं एकमेकींशी. तिचे आईवडील आणि धाकटी बहीण खार्टूमच्या एका उपनगरात अडकली. तिच्या पासपोर्टची मुदत संपली आणि नवा देणारं कार्यालयच तिकडे बंद पडलं. त्यामुळे इथला व्हिसा अडला, व्हिसा अडला म्हणून मोबाइलचं सिम बंद झालं. तेव्हापासून तिचा फोन फक्त माझ्या घरच्या वायफायवर चालायचा. ते यंत्र माझ्या बैठकीच्या खोलीत होतं आणि दुपारी एक वाजता घरातली बाकीची बटणं बंद करताना मी तेही बंद करत असे. गरज म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

तिच्या घरच्या भागात नेट उरलं नव्हतं. एका दुकानदारानं छपरावर उपग्रहाची थाळी बसवली होती. तिथे माणसं रांग लावत आणि नंबर आला की काही मिनिटं फोन करत. आई तिथून फोन करायची तो बहुधा संध्याकाळी. बोलणं रस्त्यांचं असायचं. कुठला रस्ता सुरू आहे, कुठल्या नाक्यावर बंदूकवाले माणसं उतरवून घेतात, हे तिथल्या तिथे कुणाला कळत नव्हतं. जगभर पांगलेली त्यांच्या भागातली माणसं एका ग्रुपवर बातम्या टाकत, त्या ही मुलगी गच्चीवर बसून ताडून बघे आणि आईला सांगे. खार्टूममधल्या घरानं कुठून बाहेर पडायचं हे नारायण पेठेत ठरत होतं. मला हे माहीत होतं. संध्याकाळी चहाला ती मला सांगत असे आणि मी "काय बाई तरी" म्हणत असे.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे झोपले आणि चारला उठून दार उघडलं. ती समोरच्या पायरीवर बसलेली होती, दोन्ही हातांत फोन धरून. चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय गं? केव्हापासून बसलीस?"

"एकपासून."

ती काय सांगते आहे हे मला पहिल्यांदा कळेचना. एकला दहा कमी असताना आईचा निरोप आला होता. आज निघतोय, गाडी मिळाली आहे, पाऊण तासानं फोन करते, उत्तरेचा रस्ता की पूर्वेचा ते सांग. हिनं ग्रुपवर विचारलं, दोघातिघांकडून खात्री करून घेतली आणि उत्तर लिहिलं: उत्तरेला जाऊ नका, नाक्यावर पुरुषांना उतरवून घेतात, पूर्वेला जा. ते पाठवायच्या क्षणी नेट गेलं. मी बटण बंद केलं होतं.

ती धावत खाली गेली. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला एक ते चार बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. एका स्कूटरवाल्याला तिनं हॉटस्पॉट मागितला, तो नेट संपलंय म्हणून निघून गेला. मग ती परत आली आणि माझ्या दारासमोर बसली. तीन तास.

"अगं, मग बेल का नाही वाजवलीस? दार का नाही ठोठावलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "काकू, पाटीवर लिहिलंय. आग लागली तरी नाही."

मी आत जाऊन बटण दाबलं. यंत्राचे दिवे लागायला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघी त्या दिव्यांकडे बघत उभ्या होतो. मग तिच्या फोनवर आईचे तीन चुकलेले फोन आले आणि एक आवाजी निरोप. तिनं तो कानाला लावून ऐकला आणि मला मराठीत सांगितला: "तू फोन उचलत नाहीस. ड्रायव्हर थांबत नाही. आम्ही उत्तरेनं जातो."

तिचं उत्तर त्याच वेळी निघालं. त्याच्यापुढे एकच बारीक खूण आली, दुसरी आली नाही. रस्त्यावर तो निरोप घ्यायला नेट कुठलं?

मी संध्याकाळीच पाटी काढली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. तिला रस्ता बघता यावा म्हणून मी माझा कॉलेजातला नकाशासंग्रह काढून दिला. तिनं पान उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, हा जुना आहे. आता सुदानचे दोन देश आहेत." मी त्याच नकाशावर शेवटची कितीतरी वर्षं शिकवलं होतं. माझ्या नोट्समध्ये सुदानला दोन ओळी होत्या, त्याही परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी वगळायचे.

आठ दिवस काही कळलं नाही. ती कॉलेजला जाईना, जेवेना. मी भाकरी घेऊन वर जायची आणि तशीच खाली आणायची. ती मला एकदाही लागट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुपारी मी टक्क जागी राहायची आणि ज्या वाक्यानं मी एकतीस वर्षं पोरांना गप्प केलं होतं, ते मला गप्प करू शकत नव्हतं. मी जागी असते तर? तिनं बेल वाजवली असती तर? पूर्वेच्या रस्त्यावरही काही झालं असतं कदाचित, हे मला कळतं. त्यानं काही फरक पडत नाही.

नवव्या दिवशी, दुपारी दीडच्या सुमाराला, ती फोन कानाला लावूनच जिना उतरून माझ्या घरात आली. फोनवर आई होती. मी उभीच राहिले. अरबी मला कळत नाही, पण पलीकडचा आवाज चढला, एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला हे कळलं. मुलगी काहीतरी बोलली, अगदी थोडं. पलीकडून रडणं ऐकू आलं. फोन तुटला.

ती जमिनीवर बसली. आई आणि बहीण सीमेजवळच्या एका शाळेत पोहोचल्या होत्या. वडिलांना उत्तरेच्या नाक्यावर गाडीतून उतरवून घेतलं, त्याला आठ दिवस झाले. पुढचं कुणालाच माहीत नाही.

मला तिच्याशेजारी बसवलं पण नाही. दाराची चौकट धरून मी विचारलं, "आई सारखं काय विचारत होती?"

"फोन का नाही उचलला."

"मग तू काय सांगितलंस?" मला माझं नाव ऐकायचं होतं. त्या बाईनं मला शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"आईला वाटतं, इथे काकू आहेत, म्हणून मी नीट आहे. ती रोज तुमच्यासाठी दुवा मागते." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मी सांगितलं, मी झोपले होते."