चुलीचं तोंड

स्वयंपाकघराच्या आढ्याला वाळवी लागली आहे हे घरातल्या पुरुषांना कळलं ते सासऱ्यांच्या पिठल्यात माती पडली तेव्हा. मला ते तीन वर्षं ठाऊक होतं. मळलेल्या पिठावर भुगा पडायचा, तो मी बोटाने टिपून टाकायची आणि भाकरी थापायची. त्या दिवशी माझी नजर चुकली. दुसऱ्याच सकाळी गवंड्याला बोलावणं गेलं.

पाटोद्याच्या पेठेत आमचं घर. पुढे किराण्याचं दुकान, मागे अंगण आणि अंगणाच्या उगवतीच्या कडेला स्वयंपाकघर. निजाम सरकारचा अंमल होता. सासऱ्यांना कचेरीच्या कामापुरती उर्दू येत होती आणि ती गरजेपेक्षा जास्त वापरायची हौसही होती. दुसरा कुणी ‘खोली पाडून नवी बांधू’ म्हणाला असता. सासरे म्हणाले, “आधी नक्शा मुकर्रर व्हायला पायजे.”

त्या खोलीत मी लग्न होऊन आल्यापासून अकरा वर्षं काढली होती. चुलीपाशी बसणारीने उगवतीकडे तोंड करून बसायचं, हा आमच्या घरचा नेम. उगवतीला सूर्य नव्हता, भिंत होती. दार माझ्या पाठीमागे. बाहेर कोण आलं, कोण गेलं, पाऊस आला की ऊन पडलं, सगळं मी पाठीने ओळखायची. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं साणं मुठीएवढं होतं. त्यातून धूर जायचा नाही आणि ऊन यायचं नाही.

माझ्याआधी तीस वर्षं तिथे सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आता त्यांचे डोळे इतके अधू झाले होते की माणूस बोलल्याशिवाय त्यांना ओळखू येत नव्हता. वैद्याने धुराचं नाव घेतलं होतं. आणि मला, पंचविशी न गाठलेल्या बाईला, तिन्हीसांजेला सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. मी घाबरले होते. आत्याबाई भिंत चाचपत न्हाणीकडे जायच्या, तेव्हा मला त्यांच्या जागी मीच दिसायची.

म्हणून मला एक खिडकी हवी होती. दागिना नको, लुगडं नको, उगवतीच्या भिंतीत हातभर खिडकी. हे जेवायला बसले तेव्हा मी तसं म्हणाले. हे म्हणाले, “बगू.” आमच्या ह्यांच्या ‘बगू’चा अर्थ मला अकरा वर्षांत चांगलाच कळला होता, पण या वेळी त्यांनी खरंच गोष्ट काढली. ती आत्याबाईंपर्यंत गेली आणि तिथेच संपली.

“खिडकी कावून?” आत्याबाई अंगणातून म्हणाल्या. “बोळातनं येनारा-जानारा शिजत्या अन्नावर नजर टाकील. आमी काय बिनाखिडकीचं जेवलो न्हाई?”

नकाशा अंगणात काढला गेला. सासऱ्यांनी सुपात राख मागवली आणि जमिनीवर रेघा ओढल्या: इथे भिंत, इथे दार, इथे जातं, इथे रांजण. एवढंच चुकलं की रेघा ओढणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. गवंडी माणूस समजूतदार होता. तो म्हणाला, “मामा, सानं मोठं ठिवू. धूर वर गेला तर लाकूड काळं पडनार न्हाई.” सासऱ्यांनी लगेच मंजूर केलं. अकरा वर्षं माझे डोळे गेले त्याचं काही नव्हतं. नव्या सागाची मात्र त्यांना काळजी. मी दाराआड उभी होते आणि दात ओठ खात होते.

मग गवंड्याने विचारलं, “आक्का, चुलीचं तोंड कुनीकडं?”

“उगवतीला. आनि कुनीकडं?” आत्याबाई म्हणाल्या. “आमच्यात तसंच असतंय.”

आता हे नीट सांगायला हवं. आत्याबाईंच्या मनात होतं बाईचं तोंड. चुलीपाशी बसणारी बाई उगवतीकडे बघते, म्हणून चूलही उगवतीची, असं त्या जन्मभर म्हणत आल्या होत्या. पण चुलीचं तोंड म्हणजे जिथून लाकूड सारतात ते. ते उगवतीला केलं की बाईला बसावं लागतं भिंतीला पाठ लावून, मावळतीकडे, दाराकडे तोंड करून. गवंड्याने शब्दाला धरून राखेची रेघ ओढली: आधी भिंत, मग बसायची जागा, मग चुलीचा ओटा, त्याच्या पलीकडे निम्मे जमिनीत पुरलेले दोन रांजण, आणि मग दार.

मी दाराआडून ती रेघ पाहिली. घरात ही चूक कळेल अशा आम्ही दोघीच. एकीला दिसत नव्हतं आणि दुसरीला बोलायचं नव्हतं.

मी बोलले नाही. महिनाभर बोलले नाही. भिंती चढल्या, तुळया बसल्या, रांजण पुरले, दगडचुन्याचा ओटा झाला. चूल मात्र बाईनेच घालायची असते. चिकणमाती, भुसा आणि शेण कालवून मी माझ्या हाताने चूल घातली आणि तिचं तोंड उगवतीला केलं. बाजूच्या धाकट्या चुलीलाही, वैलालाही, त्याच अंगाने वळवलं. घरात चोरी करावी तसं वाटत होतं, आणि खरं सांगते, लई बरंही वाटत होतं.

नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घालायच्या दिवशी आत्याबाई आत आल्या. महादेवाचं नाव घेत त्यांनी चुलीला हळद-कुंकू लावायला हात पुढे केला आणि हाताला चुलीची पाठ लागली. त्या थांबल्या. हात फिरवत फिरवत चुलीला वळसा घातला आणि तोंड सापडलं तसं माझ्याकडे मान वळवली.

“हे उलटं हाय.”

“तुमीच उगवतीला म्हनला होतात, आत्याबाई.”

“आनि तुज्या हातानं घातलीस. तुला दिसतंय ना अजून?”

बाहेर सासरे आणि पाहुणे वाट बघत होते. रांजण उपटायचे, ओटा फोडायचा, असं काही आता होणार नव्हतं. आत्याबाईंनी कुंकू लावलं, कंबर धरून उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, “बस आता उघड्यावर.”

मला तो शाप वाटला, आणि शापाला काय, मी अकरा वर्षं भोगलंच होतं. पहिले आठ दिवस मी हरखून गेले होते. साण्यातून उन्हाचा चौकोन परातीत पडायचा. धूर सरळ वर जायचा. रांजणांवरून, दारातून, मला सगळं अंगण दिसायचं: बेलाचं झाड, बांधलेली शेळी, वाळत घातलेल्या मिरच्या, येणारी-जाणारी माणसं.

मला अंगण दिसत होतं तसं अंगणालाही मी दिसत होते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

सासरे पाटावर बसायचे ते माझ्या समोर, आणि विचारायचे, “कावून गं, कपाळाला आठी कशाची?” हे हात धुता धुता म्हणायचे, “हसलीस कावून? काय झालं हसाया?” दुकानात आलेलं गिऱ्हाईक पाणी मागायला मागे यायचं ते आधी माझं तोंड बघायचं. मग मी पदर पुढे ओढायला लागले. मग आणखी पुढे. पदर इतका पुढे आला की मला पुन्हा फक्त चूल दिसायला लागली. जुन्या खोलीत निदान पदर खांद्यावर पडलेला असायचा. भिंतीला मी वेडावून दाखवायची, सासऱ्यांच्या उर्दूची नक्कल करायची, मनात येईल त्याला मनात येईल ते म्हणायची. माझं तोंड माझं होतं.

दिवाळीच्या तोंडावर नांदूरघाटहून, माझ्या माहेरहून, माणूस आला. वडील गेले होते, दहावाही उरकला होता. आई गेली तेव्हाही मला असंच मागाहून कळलं होतं. तेव्हा मी जुन्या चुलीपाशी बसून सात भाकरी थापल्या आणि सातही भाकरी रडत थापल्या. कुणाला कळलं नाही. धूर होता, पाठ होती. या वेळी मी कालवणाला फोडणी दिली आणि वर पाहिलं तर सासरे, हे आणि तो निरोप्या, तिघे पंगतीला बसून माझ्याकडे बघत होते. स्वच्छ उजेड पडला होता. धुराचा एक पुसटसा धागासुद्धा नव्हता.

“सनासुदीला चुलीपुढं रडू नगं,” सासरे म्हणाले. “घराला चांगलं न्हाई.”

मी रडले नाही. तशीच वाढत राहिले. त्या दिवशी मला त्या नव्या खोलीचा, त्या साण्याचा, त्या सगळ्या उजेडाचा इतका राग आला की चुलीवर घडाभर पाणी ओतावंसं वाटलं. सगळे उठून गेल्यावर आत्याबाई रांजणाला धरून आत आल्या आणि माझ्याशेजारी, भिंतीला पाठ लावून बसल्या. त्या बाजूला त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

“माझी दोन लेकरं गेली,” त्या म्हणाल्या. “सासऱ्याला न्हाई दिसलं, मालकाला न्हाई दिसलं. भिंतीकडं तोंड होतं म्हनून. बाईला एक भिंत लागती गं. तुला खिडकी पायजे होती. मला काय कळत न्हवतं व्हय?”

त्यांनी चाचपत टोपली जवळ ओढली, एक कांदा काढला आणि विळीसकट माझ्यापुढे सारला.

“चीर,” त्या म्हणाल्या. “कांद्याला कोन काय म्हनत न्हाई.”

तेव्हापासून माझ्या हातच्या प्रत्येक कालवणात कांदा जास्त पडायचा. सासरे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या सुनेच्या हाताला चव हाय.