भावाला विचारलेलं भाडं

दुसऱ्यांदा गाव सोडलं तेव्हा वाशीमच्या स्टेशनावर आम्हाला पोचवायला एकटा किसन आला होता. किसन म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा सालदार. त्यानं दमणीतून ट्रंका उतरवल्या, बैल झाडाखाली सोडले आणि गाडी येईपर्यंत तंबाखू मळत बसला. सरस्वती, माझी बायको, ट्रंकेवर बसून गुडघे चोळत होती. तिच्या मांडीवर वहिनीनं बांधून दिलेली शिदोरी होती, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि फडक्यात दोन शेर तुरीची डाळ. डाळ का, तर "तिकडं भेटत नसन." तिकडे भेटते. तिकडे सगळंच भेटतं, पण हे वहिनीला सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

पहिल्यांदा निघालो त्याला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. त्या वेळी याच फलाटावर अर्धं गाव जमलं होतं. आई रडत नव्हती, ती रागावली होती. "पोटाले इथं काय कमी पडलं तुले?" एवढं एकच वाक्य तिनं चार वेळा म्हटलं. बाबा म्हणाले, "माणसानं तितकंच दूर जावं, का हाक मारली त सांजेलोक घरी आला पाह्यजे." मी मान डोलावली आणि सरस्वतीला घेऊन मोंबासाच्या बोटीत जाऊन बसलो. तुळशीराम दादानं, माझ्या थोरल्या भावानं, ट्रंक डब्यात चढवून दिली. गाडी हलल्यावर तो फलाट संपेपर्यंत खिडकीला धरून सोबत चालला. मी सातवी शिकलेला, तो शाळेत न गेलेला. त्यानं वावर धरलं म्हणून मला गाव सोडता आलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

नैरोबीला रेल्वेच्या सामानाच्या कचेरीत मी कारकून झालो. तिकडे कारकुनाला कारानी म्हणतात. तीस वर्षं मी कारानी राहिलो. आम्हाला मूलबाळ झालं नाही, हे एकदाच सांगून टाकतो. म्हणजे पंचावन्न पुरी झाली की सरकारी क्वार्टर सोडायचं आणि दोन म्हाताऱ्यांनी कुठेतरी जाऊन राहायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

नैरोबीत राहायचं नाही हे मात्र नक्की होतं. तिथल्या गोऱ्या सरकारविरुद्धच्या बंडामुळे लागलेल्या आणीबाणीचे दिवस होते. दारांना लोखंडी जाळ्या लागल्या होत्या, अंधार पडायच्या आत माणसं घरात शिरून कड्या लावत. ज्यांचा तो देश त्यांनाच पास दाखवल्याशिवाय रस्त्यानं जाता येत नव्हतं, गोरे कमरेला पिस्तूल लावून बाजारात यायचे, आणि आम्ही हिंदी लोक मधल्यामध्ये, दोघांनाही भिऊन असायचो. सरस्वती निजायच्या आधी खोलीच्या दाराला पाटा-वरवंटा लावून ठेवी. त्यानं कोण अडणार होतं कोण जाणे, पण मीही तो कधी बाजूला केला नाही.

कचेरीत मी तीस वर्षं एकच काम केलं. एखादी वस्तू लागली की चार ठिकाणी एकाच मजकुराचं चौकशीपत्र धाडायचं, आलेली उत्तरं शेजारीशेजारी रकान्यांत मांडायची आणि स्वस्त नि टिकाऊ असेल ते निवडायचं. खिळे, कंदिलाच्या काचा, दोरखंड, सगळं असंच घेतलं. म्हातारपणही असंच घ्यावं असं मला वाटलं. मी चार ठिकाणं काढली: मोंबासा, दारेसलाम, इंग्लंड आणि आमचं अनसिंगजवळचं गाव. मग प्रश्न काढले. दोन खोल्यांचं भाडं काय? दोन माणसांचं खाणंपिणं महिन्याला कितीत भागतं? चोरी, दंगा यांची भीती कितपत? डॉक्टर किती दूर? पाणी नळाचं की विहिरीचं? आणि दोघांतलं एक आधी गेलं, तर मागे राहिलेल्याकडे कोण पाहील?

सरस्वती मानोऱ्याकडची. तिच्या जिभेला तिकडचं तिखट आहे. माझे रकाने पाहून म्हणाली, "तुमी देश पाहून राह्यले का मेथी निवडून राह्यले?" पण चौथा कागद पाकिटात घालायला लागलो तेव्हा तिचा चेहरा बदलला. "दादाले हे नका धाडू," ती म्हणाली. मी तिला समजावलं की चारही ठिकाणी सारखंच विचारलं पाहिजे, नाहीतर तुलना कशी करणार? ती गप्प बसली. कारानीच्या बायकोला केव्हा गप्प बसायचं ते ठाऊक असतं.

उत्तरं आली. मोंबासाच्या मित्रानं लिहिलं की वारा चांगला, पण हिवताप पाठ सोडत नाही आणि भाडी चढत चालली आहेत. इंग्लंडला गेलेल्या जुन्या सोबत्यानं कळवलं की इथे दवाखाना फुकट आहे, पण ऊब विकत घ्यावी लागते, भिंतीवरच्या यंत्रात नाणं टाकल्याशिवाय शेगडी पेटत नाही. त्यावर सरस्वती म्हणाली, "माह्ये गुडघे तिथंच गोठतीन." दारेसलामच्या एका ओळखीच्या दुकानदाराचं पत्र सर्वांत चांगलं होतं. त्याच्या डुक्यावर, म्हणजे दुकानावर, दोन खोल्या रिकाम्या होत्या. डॉक्टर शेजारीच, नळाला पाणी, आणि गाव इतकं शांत की दार उघडं टाकून निजा.

आमच्या गावाहून मात्र काहीच आलं नाही. दोन महिने गेले, तीन गेले. दादाला दोन जास्तीची तोंडं जड वाटली असतील असं माझ्या मनात आलं. असं मनात आलं याची आज लाज वाटते, पण आलं हे खरं. मी चौथ्या रकान्यावर रेघ मारली आणि दारेसलामच्या खोल्यांचं वर्षाचं भाडं आगाऊ भरलं. मग म्हटलं, कायमचं तिकडे बसायच्या आधी एकदा गावाकडे जाऊन यावं, दादाला तोंडानं सांगावं.

आम्ही दारात उतरलो तसं वहिनीनं पाय धुवायला तांब्या आणून ठेवला. घरचा माणूस न्हाणीपाशी जातो आणि स्वतः पाणी घेतो. तांब्या पाहुण्यापुढे येतो. ओसरीवर नवी सतरंजी अंथरलेली खाट आमच्यासाठी होती. दादा वावरातून आला, खाली बसला, बोट लागली का, मुंबईत जेवायचं कुठे केलं, एवढं विचारलं आणि कपाशीच्या बोंडांकडे वळला. जेवताना मला पाटावर आधी वाढलं, तो मागून जेवला. आठ दिवस असंच चाललं. माझ्याशी कोणी वाईट वागत नव्हतं, आणि त्याचाच मला शीण यायला लागला होता.

नवव्या दिवशी सकाळी सरस्वतीनं मला घरामागे बोलावलं. तिथे वहिनी उभी होती. गोठ्याच्या पलीकडे दोन खोल्यांच्या भिंती होत्या, काळ्या दगडाच्या, खिडकीच्या तळापर्यंत आलेल्या. आत कडबा रचला होता. त्यामागे दगडांनी बांधून काढलेला एक खोल खड्डा होता आणि त्यावर बोराटीच्या फांद्या टाकल्या होत्या.

"भाऊजी, हे तुमचं व्हतं," वहिनी म्हणाली.

दरवर्षी कापूस विकला की दादा थोडी थोडी भिंत उचलत होता. सात वर्षं. मला कधी कळवलं नाही, कारण कळवायचं काय त्यात? आणि तो खड्डा संडासाचा होता. आख्ख्या गावात संडास नव्हता. सरस्वतीचे गुडघे धरले असं मी एका पत्रात लिहिलं होतं, तेव्हा दादा वाशीमला जाऊन कोणाच्या तरी वाड्यामागचा संडास कसा बांधलाय ते पाहून आला. लोक हसले. तो म्हणाला म्हणे, "थे वावरात कशी जाईन? तिच्यानं बसनं होते का?"

मग माझं पत्र आलं. दादाला वाचता येत नाही, आणि परदेशचं पत्र आमच्या गावात एकट्याचं नसतं. ते पारावर वाचलं जातं. मास्तर वाचतात, लोक भोवती बसतात, तिकिटावरचा सिंह हातोहात फिरतो, आणि दादा धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांत पुढे बसतो. हे मला तीस वर्षं माहीत होतं. मी पत्रं लिहायचोच त्या बेतानं. एकेकाचं नाव घेऊन विचारायचो, म्हाताऱ्यांसाठी जिराफाचं एखादं वर्णन घालायचो. त्या एका वेळी मात्र मी कचेरीतला कागद पाकिटात घातला आणि पार विसरलो.

मास्तरांनी पहिला प्रश्न वाचला. दोन खोल्यांचं भाडं काय? कोणीतरी हसत म्हणालं, "तुळशीराम, भाऊ भाडं इचारून राह्यला. किती सांगतं मंग?" मास्तरांनी दोन माणसांच्या खाण्याचा प्रश्न वाचला तसा दादा उठला, पुढचं ऐकायला थांबलाच नाही. घरी आला, दोन दिवस जेवला नाही, आणि गवंड्याला सांगून पाठवलं की आता येऊ नको.

मी तसाच वावरात गेलो. दादा बांधावर वाकून तण उपटत होता.

"दादा, मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" तो मान वर न करता म्हणाला. "दोन मान्सायच्या भाकरीचा भाव मले मालूम नाही. आपल्या घरी आजलोक कोनी इचारलाच नाही."

"मी सगळ्यांनाच तसं लिहिलं होतं."

"हाव ना. थेच त." तो सरळ उभा राहिला. त्याची कंबर सरळ व्हायला वेळ लागला, आणि मला एकदम दिसलं की माझा भाऊ म्हातारा झालाय. "सगळ्यायच्या रांगेत मले उभं केलं तू. मी काय दुकान मांडून बसलो व्हतो?"

मला म्हणायचं होतं, राहतो मी, कडबा काढ बाहेर. पण तोंडातून निघालं काय, तर दारेसलामचं भाडं भरून झालंय. तो "बरं" म्हणाला. त्यानंही राहा म्हटलं नाही. एकाच आईची लेकरं आम्ही, वाकणार कोण? निघायच्या दिवशी उजाडायच्या आधीच तो वावरात निघून गेला आणि किसनला दमणी जुंपायला सांगून गेला.

आता दारेसलामला वर्ष होत आलं. माझ्या रकान्यांत जे लिहिलं होतं ते सगळं खरं निघालं. खर्च बेताचा आहे. नळ वाहतो. डॉक्टर भला आहे. दुकानदाराची माणसं सणाला ताट पाठवतात. दुपारी समुद्रावरून वारा येतो, मी खिडकीत बसतो, खाली लोक पोले पोले, म्हणजे सावकाश सावकाश, जाताना दिसतात. दार खरंच उघडं टाकून निजता येतं, कारण आत यायला कोणी नाही. सुरक्षित म्हणजे इतकंच असेल तर त्याला मी उगीच एवढे कागद खर्च केले. थकवा कामाचा असतो असं मी समजत होतो. काम सुटलं तरी तो गेला नाही.

पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपलं स्वागत होतं ते. स्वागत माझं चारही ठिकाणी झालं असतं. पण माझ्यावर रागावून दोन दिवस जेवला नाही असा माणूस जगात एकच आहे, आणि तो अनसिंगजवळ राहतो. परदेशात देश निवडत बसलेल्या माझ्यासारख्यांना एवढंच सांगतो, की मागे कोणी असा असेल तर त्याला रकान्यात घालू नका.

हे लिहिलेलं मी दोघातिघा सोबत्यांना धाडतो आहे, आणि एक प्रत गावच्या मास्तरांना. मास्तर, आता पुढचं जरा मोठ्यानं वाचा, पारावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

दादा, मी चुकलो. चार लोकांत तुला मान खाली घालायला लावली, म्हणून चार लोकांत कबूल करतो. ज्यानं भाडं कितीचं म्हणून थट्टा केली त्याचा दोष नाही, थट्टा मी केली होती. भरलेल्या भाड्याचे उरलेले दिवस आम्ही सोडून दिले आहेत. सरस्वतीनं ट्रंका भरल्या आहेत आणि बोटीची तिकिटं माझ्या खिशात आहेत. खोल्यांत कडबा असला तर असू दे, आम्ही त्याच्याशेजारी पथारी टाकू. तू बोललास तर बरं, नाही बोललास तर समोर बसून राहीन. उत्तर धाडू नकोस. ते घ्यायला इथे कोणी असणार नाही.